पाणी कुठवर आले?

यावल तालुक्यातल्या आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात खिडकीशेजारच्या टेबलावर एक लेझर प्रिंटर आहे. एका सभासदाने तो आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ वाचनालयाला दिला. तो वायरने राउटरला जोडलेला आहे, त्यामुळे वाचनालयातल्या कोणत्याही संगणकावरून त्याच्यावर छापता येते. आमच्या संगणकावर लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी कार्यप्रणाली आहे. ती बसवण्यामागचे पहिले कारण पैशाचे होते, कारण पुस्तके, वर्तमानपत्रे, वीजबिल आणि मानधन भागवल्यावर सॉफ्टवेअरच्या परवान्यासाठी अनुदानातून काही उरत नाही. मी गणित शिकवून निवृत्त झालो. संगणकाची आवड होती, म्हणून ही व्यवस्था लावण्याचे काम माझ्याकडे आले, आणि मी लावून दिलेला हा प्रिंटर तीन वर्षे विनातक्रार चालला.

तो ज्या दिवशी छापेनासा झाला त्या दिवसाबद्दल मला लिहायचे आहे. तो बंद पडला असे मी म्हणत नाही, कारण यंत्रात काहीही बिघडलेले नव्हते, आणि हेच मला कळायला दीड दिवस लागला.

मे महिन्याचे दिवस होते. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी बाराच्या पुढे रस्त्यावर माणूस दिसत नाही. पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेला की घराघरातले कूलर एकदम चालू होतात आणि वीज जाते. त्या दिवशीही सकाळी दोन तास वीज नव्हती. वाचनालयाच्या मागच्या खोलीत स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका आहे. तिथे अभ्यासाला येणारी, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरची मुलगी दुपारी आपले प्रवेशपत्र छापून घ्यायला आली. परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावला होती आणि तिच्या पाड्याकडे जाणारी शेवटची एसटी साडेपाचला सुटणार होती. तिने फाइल उघडून दिली, मी छपाईची आज्ञा दिली, आणि पडद्यावर ‘छपाई सुरू आहे’ अशी अक्षरे उमटली.

कागद आला नाही. पाच मिनिटांनी मी छपाईची रांग, म्हणजे त्या प्रिंटरची जोडणी आणि त्याच्याकडे पाठवलेल्या कामांची यादी, उघडून पाहिली, तर कामाच्या खाली इंग्रजीत ओळ होती, ‘प्रिंटर वापरात आहे’ अशा अर्थाची. मी त्या ओळीवर विश्वास ठेवला. कुणी दुसऱ्या संगणकावरून काही पाठवले असेल, ते संपले की आपला नंबर लागेल, असे मी तिला सांगितले. पुढे आणखी दहा मिनिटे गेली. मग मी प्रिंटरवर चिकटवलेल्या, माझ्याच अक्षरातल्या चिठ्ठीवरचा त्याचा नेटवर्कच्या जाळ्यावरचा पत्ता वाचला, १९२.१६८.१.५, आणि त्या पत्त्याला ‘पिंग’ करून पाहिले. पिंग म्हणजे जाळ्यावरच्या यंत्राला दिलेली हाक. पलीकडे कुणी जागे असेल तर ते ओ देते. ओ ताबडतोब आली. पत्ता जिवंत आहे, प्रिंटरचा दिवा हिरवा आहे, कागद भरलेला आहे, टोनर आहे, आणि तरीही छपाई नाही.

यापुढे मी जे केले ते घाईत केले. संगणक बंद करून चालू केला, प्रिंटर बंद करून चालू केला, तेच काम सात-आठ वेळा पुन्हा पाठवले. मग शेवटी जुनी रांगच पुसून टाकली आणि चिठ्ठीवरचा पत्ता घालून नवी तयार केली. संगणकाचा मजकूर प्रिंटरच्या भाषेत नेणाऱ्या ड्रायव्हरांच्या लांबलचक यादीतून एक सर्वसाधारण नाव निवडताना मी पुरेसा विचार केला नाही. जी रांग तीन वर्षे चालली होती तिच्यातली सगळी माहिती त्या एका क्षणात गेली. माझ्या मागे ती मुलगी उभी होती आणि तिचे लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होते.

आमच्या ग्रंथपाल ताईंनी मग आपला मोबाइल पुढे केला. “सर, तिला म्हणावं ती फाइल मला पाठव. मी फोनवरून बघते.” फोनने प्रिंटरचे नाव आपणहून दाखवले, ताईंनी त्यावर बोट ठेवले आणि पंधरा सेकंदांत प्रवेशपत्र ट्रेमध्ये आले. मुलगी दोघांच्या पाया पडून पळाली आणि तिला एसटी मिळाली, हे ताईंनी नंतर फोन करून विचारून घेतले.

मला हायसे वाटले आणि त्याच वेळी वाईटही वाटले. प्रिंटर वापरात नव्हता. कुणीही काहीही छापत नव्हते. पडद्यावरची ओळ खोटी होती, किंवा मला ती वाचता आली नव्हती.

त्या रात्री मी आप्पांबरोबर शेतात गेलो. आप्पा माझे धाकटे चुलते. वय पंच्याहत्तरच्या पुढे, केळीची बाग अजून स्वतः पाहतात. शेतीची वीज त्या आठवड्यात रात्रपाळीची होती, म्हणून मोटार सुरू झाल्यावर ठिबकच्या ओळी बघायला कुणीतरी लागत होते. बागेच्या उत्तरेकडच्या टोकाला दोन ओळींतल्या झाडांची पाने दुमडलेली दिसत होती. मी असतो तर आधी मोटारीकडे गेलो असतो. आप्पा फिल्टरपाशी गेले. आमच्या भागात ठिबकचा संच सगळ्यांच्या ओळखीचा आहे, तरी सांगतो: विहिरीतून किंवा बोअरमधून आलेले पाणी आधी वाळूच्या फिल्टरमधून जाते, मग जाळीच्या फिल्टरमधून, मग मुख्य नळीतून उपनळीत, तिथून झाडांच्या ओळीला लावलेल्या लॅटरलमध्ये, आणि शेवटी ड्रीपरच्या बारीक छिद्रातून थेंबथेंब मुळाशी. फिल्टरच्या अलीकडे आणि पलीकडे दाब दाखवणारे दोन काटे असतात. आप्पांनी बॅटरीच्या उजेडात दोन्ही काटे वाचले. दोन्हींत फारसा फरक नव्हता, म्हणजे फिल्टर तुंबलेला नव्हता. मग ते उपनळीच्या व्हॉल्व्हपाशी गेले आणि पाइपला हात लावून पाणी वाहते आहे याची खात्री करून घेतली. मग सुकणाऱ्या ओळीच्या शेवटाकडे चालत जाऊन त्यांनी लॅटरलचे टोपण काढले. आधी काहीच आले नाही. मग गढूळ, तांबूस पाण्याची एक चूळ आली आणि तिच्यामागून क्षाराचे पांढरे कण. थोडा वेळ ते तसेच वाहू दिल्यावर धार स्वच्छ झाली आणि टोपण परत बसवले गेले.

मी त्यांना दुपारची हकिकत सांगितली होती. त्यांना प्रिंटरमधले काही कळत नाही, पण चिखलाने भरलेले हात लॅटरलच्या पाण्याने धुताना ते म्हणाले, “पानी कुठलोक आलं, ते पाह्य आधी.”

दुसऱ्या दिवशी मी वाचनालय उघडण्याआधीच ताईंकडून किल्ली घेतली आणि उलट टोकापासून सुरुवात केली, म्हणजे आप्पांनी टोपण काढले तसे. संगणकाला हातच लावला नाही. प्रिंटरच्या पुढच्या बटणावर थोडा वेळ बोट दाबून धरले की तो स्वतःबद्दलचे एक पान छापतो. बहुतेक सगळ्या नेटवर्क प्रिंटरांना ही सोय असते, आणि ज्यांना छोटा पडदा असतो त्यांच्या मेन्यूमध्ये ती सापडते. ते पान स्वच्छ आले. त्यावरून दोन गोष्टी एकदम कळल्या. ड्रम, टोनर, कागद ओढणारे रबरी रूळ, तापणारा फ्यूजर हे सगळे ठीक आहे, ही पहिली. दुसरी त्याच पानाच्या मध्यावर बारीक अक्षरांत होती. प्रिंटर म्हणत होता की त्याचा पत्ता १९२.१६८.१.७ आहे.

चिठ्ठीवर पाच, पानावर सात. मग काल पाचवरून ओ कुणी दिली? मी संगणकावर ब्राउझर उघडून पत्त्याच्या जागी १९२.१६८.१.५ टाइप केले, आणि समोर वाचनालयाच्या दारावरच्या कॅमेऱ्याचे चित्रण साठवणाऱ्या पेटीचे प्रवेशपान उघडले. तेच निळे पान, जे ती पेटी बसवणाऱ्या तंत्रज्ञाने आम्हाला दाखवले होते. मी बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिलो. काल दुपारी मी त्या मुलीचे प्रवेशपत्र पुन्हा पुन्हा कॅमेऱ्याच्या पेटीकडे पाठवत होतो, आणि ती पेटी ते घ्यायला नकार देत होती.

झाले होते ते असे. घरगुती राउटर आपल्याला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक तात्पुरता पत्ता वाटून देतो. डीएचसीपी नावाची ही पद्धत आहे आणि तो पत्ता ठरावीक मुदतीचा असतो. राउटर सतत चालू असेल तर मुदत संपायच्या आतच यंत्र तोच पत्ता पुन्हा मागून घेते आणि वर्षानुवर्षे काही बदलत नाही. पण स्वस्तातल्या अनेक राउटरांची ही वाटपाची यादी वीज गेली की पुसली जाते. वीज आल्यावर जो आधी जागा होतो त्याला आधी पत्ता मिळतो. त्या सकाळी कॅमेऱ्याची पेटी आधी जागी झाली. आमच्या वाचनालयात तीन वर्षे हा घोळ झाला नाही याचे कारण इतकेच की राउटर इन्व्हर्टरवर होता. एप्रिलमध्ये इन्व्हर्टरची बॅटरी उतरली आणि ती बदलण्याचे आम्ही जूनवर ढकलले होते. कधी कधी याहून विचित्र प्रकार घडतो. प्रिंटर राउटरच्या आधी जागा होतो, पत्ता देणारा कुणी सापडत नाही म्हणून स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता घेऊन बसतो, आणि मग तो कुणालाच सापडत नाही. पानावर या आकड्यांनी सुरू होणारा पत्ता दिसला तर इतर काहीही न करता राउटर पूर्ण चालू होऊ द्यावा आणि प्रिंटर एकदा बंद करून चालू करावा.

आता ‘प्रिंटर वापरात आहे’ या ओळीचा अर्थही लागला. नेटवर्क प्रिंटर ९१०० क्रमांकाच्या दारावर (म्हणजे पोर्टवर) छपाईचा मजकूर घेतात, ही जुनी आणि अजूनही सर्रास चालणारी रीत आहे. माझी रांग त्या दारावर जात होती. लिनक्समधल्या छपाईच्या व्यवस्थेला पाच क्रमांकाच्या पत्त्यावर यंत्र सापडत होते, पण त्याचे ९१०० चे दार बंद होते. पत्ता जिवंत आणि दार बंद, यावरून तिने काढलेला अर्थ असा की प्रिंटर दुसऱ्याचे काम करत असावा. म्हणून ती थांबून थांबून दार ठोठावत राहिली. बहुतेक वेळा तो अर्थ बरोबर ठरतो. तिने खोटे सांगितले नव्हते. मी मात्र पिंगची ओ ऐकून पत्ता बरोबर आहे असे ठरवले होते, आणि पिंगने पत्ता कुणाचा आहे ते कधीच सांगितले नव्हते.

मग फोनला काल कसे जमले? फोनजवळ कोणतीही चिठ्ठी नव्हती. छापायची वेळ आली की फोन सगळ्या जाळ्यावर एक हाक देतो, इथे प्रिंटर कोण आहे, आणि प्रिंटर आपले नाव व आजचा पत्ता सांगतो. या हाकेचे दार ५३५३ क्रमांकाचे. लिनक्समध्ये ‘अवाही’ नावाचा कार्यक्रम (प्रोग्रॅम) हेच काम करतो. म्हणजे आमच्या संगणकालाही ही हाक देता येत होती; मीच तीन वर्षांपूर्वी नावाऐवजी आकडा लिहून ठेवला होता.

मी रांगेतला पाच खोडून सात केला आणि चाचणीचे पान पाठवले. प्रिंटर लगेच घरघरला. पहिला कागद आला, दुसरा आला, तिसरा आला, आणि ते थांबेनात. पहिल्या कागदाच्या डाव्या कोपऱ्यात टक्क्याचे चिन्ह, त्याला लागून उद्गारचिन्ह, मग पी आणि एस ही रोमन अक्षरे आणि अडोबीचे नाव. पुढची ओळ पहिली जिथे संपली त्याच्या खालून सुरू झालेली, तिच्या पुढची आणखी उजवीकडे, पायऱ्या उतरत जाव्यात तशी, आणि मग कागदाच्या कडेबाहेर गेलेली. प्रत्येक पानावर अशा चार-पाच ओळी आणि बाकी कोरे. मी ट्रे ओढून काढीपर्यंत एकतीस कागद गेले. ते ताईंनी मोजले आणि पाठकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात ठेवले.

हा दुसरा बिघाड प्रिंटरचा नव्हता आणि विजेचाही नव्हता. तो मी आदल्या दिवशी रांग पुसून नवी करताना घातला होता. पाणी आता झाडापर्यंत आले होते, पण मध्ये फिल्टर चुकीचा बसला होता. फिल्टर हा शब्द मी उपमेसाठी वापरत नाही. लिनक्सच्या छपाईव्यवस्थेत या टप्प्याचे नावच फिल्टर आहे. आपण छापायला दिलेली फाइल बहुधा पीडीएफच्या रूपात पुढे जाते. एकामागून एक जोडलेले छोटे कार्यक्रम तिचे रूपांतर करत जातात आणि शेवटचा कार्यक्रम ती त्या विशिष्ट प्रिंटरला समजेल अशा भाषेत आणून सोडतो. प्रिंटरांच्या भाषा अनेक आहेत. त्यातली पोस्टस्क्रिप्ट अडोबी कंपनीने १९८४ मध्ये आणली. पान कसे दिसावे याचे वर्णन करणारी ती एक पूर्ण प्रोग्रॅमिंगची भाषा आहे. ती समजणारे प्रिंटर महाग असत. आमच्या प्रिंटरला ती येत नाही. घाईत मी यादीतून पोस्टस्क्रिप्टचा ड्रायव्हर निवडला होता, त्यामुळे प्रिंटरला त्या भाषेतला मजकूर गेला, आणि त्याने तो साधा मजकूर समजून अक्षरशः उतरवून काढला. ज्या कुणाला आपल्या प्रिंटरमधून असे टक्का आणि उद्गारचिन्हाने सुरू होणारे कागद येताना दिसतील त्यांनी वायर, राउटर आणि पत्ता यांच्याकडे पाहण्यात वेळ घालवू नये. तिथपर्यंत सगळे ठीक आहे. भाषा चुकली आहे.

धुळ्याच्या एका शाळेत माझे एक जुने सहकारी हेच काम पाहतात. त्यांच्याकडे नवी रांग केल्यावर प्रिंटर पिवळा दिवा लावून नुसता बसून राही, कारण रांगेने कागदाचा आकार अमेरिकेतला लेटर धरला होता आणि ट्रेमध्ये ए४ होता. यंत्र त्या दुसऱ्या कागदाची वाट पाहत होते. दुसऱ्या एका वेळी त्यांच्या संगणकाला यादीत प्रिंटरच दिसेना, कारण नको असलेली ये-जा अडवणाऱ्या फायरवॉलने ५३५३ चे दार लावून घेतले होते. आणि एकदा कारण असे निघाले की संगणक पाहुण्यांसाठीच्या वायफायवर जोडला गेला होता, ज्यावरून आतल्या यंत्रांशी बोलायला राउटर मुद्दामच परवानगी देत नाही.

या दीड दिवसात मला ज्या गोष्टीचे सर्वांत अप्रूप वाटले ती छपाईची नोंदवही आहे. लिनक्सवर छपाई सांभाळणाऱ्या व्यवस्थेचे नाव कप्स. मायकेल स्वीट यांनी ती १९९७ मध्ये लिहायला घेतली आणि १९९९ मध्ये ती लोकांसमोर आली. अ‍ॅपलने २००२ मध्ये आपल्या संगणकांसाठी तिचा स्वीकार केला आणि २००७ मध्ये स्वीट यांनाच नोकरीवर घेतले. २०१९ च्या अखेरीस ते तिथून बाहेर पडले, आणि आता तिचा विकास ओपनप्रिंटिंग या गटात चालतो, ज्याचे नेतृत्व टिल कॅम्पेटर अनेक वर्षे करत आले आहेत. म्हणजे आमच्या वाचनालयातला जुना संगणक आणि महागडा मॅक हे दोघे छापताना एकाच घराण्यातली व्यवस्था वापरतात. ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ आणि पुढे ६३१ हा क्रमांक लिहिला की तिचे पान उघडते. ‘एलपीस्टॅट’ ही आज्ञा ‘टी’ या अक्षरासह दिली की कोणती रांग कोणत्या पत्त्यावर जाते, ती चालू आहे की थांबवलेली, आणि कोणती कामे अडकली आहेत, हे सगळे एका पडद्यावर दिसते. आदल्या दिवशी मी ही एक आज्ञा दिली असती आणि तिथला पत्ता प्रिंटरने छापलेल्या पानाशी ताडून पाहिला असता, तर काम दहा मिनिटांत झाले असते.

याहून खोलात जायचे असेल तर ‘कप्ससीटीएल’ आज्ञेने सविस्तर नोंदी सुरू करता येतात. मग व्हार या निर्देशिकेतल्या लॉगच्या कप्प्यात कप्सची जी त्रुटींची फाइल असते, तिच्यात एका कामाचा सगळा प्रवास ओळीने लिहिला जातो. फाइल कोणत्या रूपात आली, कोणता फिल्टर सुरू झाला, तो कोणत्या क्षणी संपला, कोणत्या पत्त्याच्या कोणत्या दारावर दस्तक दिली, उत्तर काय आले. मी त्या दोन दिवसांतल्या माझ्या सगळ्या कामांच्या नोंदी वाचून काढल्या. पहिल्या दिवसाच्या प्रत्येक कामाखाली पाच क्रमांकाचा पत्ता स्पष्ट लिहिलेला होता. दुसऱ्या दिवसाच्या कामाखाली माझा चुकीचा ड्रायव्हर नावानिशी लिहिलेला होता. फिल्टरच्या अलीकडचा काटा आणि पलीकडचा काटा, दोन्ही तिथे होते. मी वाचायला गेलो नव्हतो.

मुक्त, म्हणजे ज्याचा मूळ प्रोग्रॅम कुणालाही वाचता-बदलता येतो अशा, सॉफ्टवेअरच्या चळवळीची एक मुळी प्रिंटरपर्यंतच जाते, हे मला पूर्वी वाचून माहीत होते, पण त्या दिवशी ते खऱ्या अर्थाने समजले. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक लेझर प्रिंटर आला. तो वेगळ्या मजल्यावर होता आणि त्यात कागद अडके. तिथले प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये अशी भर घातली होती की कागद अडकला तर वाट पाहणाऱ्या सगळ्यांच्या पडद्यावर तसा निरोप जाईल. नव्या प्रिंटरचा मूळ प्रोग्रॅम मात्र मिळाला नाही. दुसऱ्या एका विद्यापीठातल्या ज्या संशोधकाकडे तो होता, त्याने गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखवून द्यायला नकार दिला. २७ सप्टेंबर १९८३ रोजी स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, आणि लिनक्सवर आज आपण वापरतो त्या साधनांचा मोठा भाग तिथून आला. कागद अडकणे हे त्यांच्या तक्रारीचे कारण नव्हते, कारण कागद कुठेही अडकतो. तो अडकला आहे हे जिने वाट पाहणाऱ्याला सांगितले असते, ती वाट त्यांना बांधता येत नव्हती. माझ्या मागे घड्याळाकडे पाहत उभ्या असलेल्या मुलीला मी ‘छापत आहे’ असे सांगत होतो तेव्हा तिच्या आणि कागदाच्या मध्ये नेमके काय अडले आहे हे सांगणारी वाट आमच्याकडे होती, कुणी तरी ती चाळीस वर्षांच्या खटपटीने मोकळी ठेवली होती, आणि तिच्यावरून चालून पाहण्याइतका धीर मी धरला नाही. ही खंत मला अजून आहे.

यानंतर मी रांग पुन्हा केली, पण या वेळी पत्त्याचा आकडा आणि ड्रायव्हर दोन्ही टाळून. फोनजवळ आमच्या प्रिंटरचा कोणताही ड्रायव्हर नव्हता आणि तरी तो छापू शकला, याचा अर्थ प्रिंटर स्वतःच आपली ओळख पटवून देऊ शकतो. आयपीपी या नावाने ओळखली जाणारी बोलण्याची रीत त्यासाठी आहे; तिचे दार ६३१ चे. ९१०० च्या दारावर आपण मजकूर ओततो आणि यंत्र तो बहुतांशी मुकाट्याने गिळते. आयपीपीत आधी प्रश्नोत्तरे होतात. तुला कोणते कागद चालतात, दोन्ही बाजूंनी छापता येते का, कोणत्या रूपातली फाइल समजते, ट्रेमध्ये कागद आहे का, हे संगणक विचारतो आणि प्रिंटर उत्तर देतो. ‘एलपीअ‍ॅडमिन’ आज्ञेला प्रिंटरचे जाळ्यावरचे नाव आणि ड्रायव्हरच्या जागी ‘एव्हरीव्हेअर’ हा शब्द दिला की या उत्तरांवरून रांग तयार होते. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक नेटवर्क प्रिंटरांना हे येते, आणि कप्सची पुढची वाटचाल याच दिशेने, म्हणजे जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर हळूहळू काढून टाकण्याकडे आहे. जुन्या यंत्रांसाठी मध्ये दुभाषाचे काम करणारे छोटे कार्यक्रम लिहिले जात आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे, कारण आमच्यासारख्या गावांत प्रिंटर पंधरा-पंधरा वर्षे वापरले जातात.

राउटरच्या पानावर जाऊन मी प्रिंटरच्या कायमच्या क्रमांकासाठी, जो कारखान्यातच त्याच्यावर कोरलेला असतो, सातचा पत्ता राखून ठेवला. तशी गरज उरली नव्हती, कारण रांग आता नावाने चालते. पण ताईंच्या टेबलावरच्या जुन्या विंडोज लॅपटॉपला आकडाच माहीत आहे. प्रिंटरवरची चिठ्ठी काढून टाकली. तिच्या जागी ताईंनी पुस्तकांच्या दाखल नोंदवहीसारखी रेघा मारलेली एक छोटी वही दोऱ्याने टेबलाला बांधली आणि तिच्या पहिल्या पानावर, माझ्याकडून ऐकून, आपल्या शब्दांत लिहून ठेवले की आधी प्रिंटरचे स्वतःचे पान छापायचे, मग त्यावरचा पत्ता बघायचा, मग तो पत्ता ब्राउझरमध्ये लिहून प्रिंटरचेच पान उघडते ना ते बघायचे, मग रांग चालू आहे का, आणि मग नोंदवहीतली शेवटची ओळ. कोणतीही गोष्ट पुसायची नाही, हे वाक्य त्यांनी दोनदा लिहिले आहे.

श्रावणात एके दिवशी मी आप्पांच्या बागेत होतो. पावसाने उघडीप दिली होती आणि पिलबागेच्या ओळीत नवे ड्रीपर बसवायचे काम चालले होते. ताईंचा फोन आला. मागे अभ्यासिकेतल्या मुलांचा आवाज येत होता.

“सर, छापत नाहीये. पण तुम्ही येऊ नका, मी सांगते फक्त.”

त्यांनी वहीतला क्रम धरला होता. पत्ता सातच आहे, त्याचे पान उघडले, रांग चालू आहे, असे त्या एकेक सांगत गेल्या. मी हातातली नळी तशीच धरून ऐकत होतो.

“आणि शेवटच्या ओळीत काय आहे?”

“मीडिया एम्प्टी असं लिहिलंय. म्हणजे कागद संपलाय ना? थांबा, घालते.”

फोन त्यांनी टेबलावर ठेवला असावा. ट्रे ओढल्याचा आवाज आला, कागदाचा गठ्ठा टेबलावर ठोकून सरळ केल्याचा आला, ट्रे आत सरकला, आणि मग प्रिंटरची ती घरघर मला बागेत ऐकू आली. टोपण हातात घेऊन उभे असलेल्या आप्पांनी विचारले, “आलं का?”

मी त्यांना मान हलवून आलं म्हणून सांगितले आणि नळीचे टोक त्यांच्या हातात दिले.